बारगीर आणि बोर्गी

शिवकाळात घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार.

पुढे १७४२ पासून नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या, गावे लुटली, जाळली. कलकत्त्याने धास्तीने खंदक खणला. १७५१ मध्ये चौथाईचे वार्षिक बारा लाख ठरले, तेव्हा हे थांबले.

बंगालीत 'बारगीर'चा 'बोर्गी' झाला आणि तिथल्या अंगाईगीतात जाऊन बसला. आपल्याकडे साधा पगारी स्वार, तिकडे धाड घालणारा! मंडळी, शब्दाचा अर्थ कोशात तर पाहावाच, पण ज्यांनी तो सोसला त्यांनाही विचारावा.