तो एक क्षण

१९६८ च्या ऑगस्टमध्ये रामन राघव पकडला गेला, तेव्हा मुंबईच्या उत्तर उपनगरांतील झोपड्या आणि फूटपाथ कित्येक रात्री जागे होते. निजलेल्या माणसांच्या डोक्यात जड, बोथट वस्तू घालणारा हा मनुष्य स्वतःही बेघरच होता. खून त्याने कबूल केले. प्रश्न उरला तो कबुली देणाऱ्या मनाचा.

भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ चे मूळ लंडनमध्ये आहे. १८४३ साली डॅनियल मॅक्नॉटनने पंतप्रधान पील यांच्या चिटणीसाला ठार केले आणि तो निर्दोष ठरला. त्यावर उठलेल्या गदारोळातून जे नियम झाले, ते १८६० च्या संहितेत उतरले. आजार असणे पुरेसे नाही. कृत्याच्या क्षणी त्या कृत्याचे स्वरूप, अथवा ते गैर वा बेकायदा आहे हे, मनोविकलतेमुळे कळत नव्हते काय, एवढेच न्यायालय विचारते. वैद्यक आजाराची वर्षे मोजते, कायदा तो एक क्षण.

या फटीत राघव सापडला. आपण मारतो आहोत हे त्याला कळत होते, पण ते कायद्याविरुद्ध आहे हे कळत नव्हते, असे बचावाच्या मनोविकारतज्ज्ञाने सांगितले. सत्र न्यायालयाने फाशी दिली. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशाने तज्ज्ञांनी त्याला तपासले. तो स्वतःला ‘कानून’चा प्रतिनिधी समजत होता! जुनाट स्किझोफ्रेनियाचे निदान झाले आणि फाशीची जन्मठेप झाली. दोषी तो राहिलाच. १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात तो वारला.

२००२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका पोलीस शिपायाला पत्नीच्या खुनातून सर्वोच्च न्यायालयाने मुक्त केले. आजाराचा कौटुंबिक इतिहास, आधीचे उपचार आणि पळून जाण्याचा प्रयत्न नसणे, हे सारे तिथे जमेस धरले गेले. २०१९ मध्ये, शिक्षेनंतर जडलेला गंभीर मनोविकारही फाशी टाळण्यास कारण ठरू शकतो, असे त्याच न्यायालयाने ठरवले. आरोपीचे नाव निकालात ‘क्ष’ एवढेच ठेवले.

मात्र हे सारे पुराव्यावर उभे आहे. सिद्धतेचा भार आरोपीवर असतो. संभाव्यतेचे पारडे झुकवले तरी पुरे, असे १९६४ च्या दह्याभाई खटल्यात ठरले आहे. पण उल्हासनगरच्या कारखान्यात राबणाऱ्या किंवा अंबरनाथ-बदलापूरच्या चाळीत राहणाऱ्या माणसाला आजारपणात ठाण्याच्या मनोरुग्णालयाऐवजी देवऋषाकडे नेले असेल, तर केसपेपर कुठून आणायचा? निर्दोष ठरलेलाही लगेच घरी जात नाही, त्याला सुरक्षित ताब्यात ठेवता येते. तेव्हा ही पळवाट आहे, हा समज फोल आहे.

१ जुलै २०२४ पासून कलम ८४ च्या जागी न्याय संहितेचे कलम २२ आले. प्रश्न तोच राहिला. उत्तराचा कागद ज्याच्यापाशी नाही, तो आरोपीही तोच.