दक्षिणा, धर्मादाय आणि अनुदान

आपल्या निफाड तालुक्याच्या गावी १८ जानेवारी १८४२ रोजी जन्मलेले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे मुंबईस एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत असताना 'दक्षिणा फेलो' होते, ही गोष्ट लासलगाव परिसरातील फारच थोड्या वाचकांच्या ध्यानी असेल. दक्षिणा आणि विद्यार्थिवेतन यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. तो संबंध समजला म्हणजे आज आपल्या मंडळाच्या बैठकांत जो प्रश्न हटकून निघतो, की सरकार देते आहे, मोठमोठ्या कंपन्या देत आहेत, मग घरोघर वर्गणी मागण्याचे प्रयोजन काय, त्याचे उत्तर शोधणे सोपे जाईल.

पेशवाईत श्रावणमासी पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. १८१८ साली राज्य गेले, तरी एल्फिन्स्टन साहेबाने ती एकदम बंद केली नाही. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, ती याच रकमेतून. पुढे १८४९ च्या सुमारास पुण्यातील काही सुधारणावादी तरुणांनी सरकारकडे अर्ज केला, की या फंडातील काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस, मग तो कोणत्याही जातीचा असो, बक्षीस म्हणून द्यावा. त्यावरून शहरात मोठा गहजब झाला आणि अर्जदारांच्या पाठीशी जोतीराव फुले उभे राहिले. सार्वजनिक पैसा सार्वजनिक कामास मिळावा म्हणून आपल्या लोकांनी लिहिलेल्या आरंभीच्या अर्जांत याची गणना करावयास हवी. नंतर फुल्यांच्या मुलींच्या शाळांना याच फंडातून दरमहा ७५ रुपये मिळू लागले आणि कालांतराने महाविद्यालयातील फेलोंची वेतनेही त्यातून निघाली. थैली तीच, तोंड मात्र हळूहळू रुंद झाले.

'अनुदान' या अर्थाची पद्धती आली ती १९ जुलै १८५४ च्या वुडच्या खलित्याने. खाजगी शाळांना सरकारने साहाय्य द्यावे, परंतु शिक्षण चांगले असावे, स्थानिक व्यवस्थापन भरवशाचे असावे, सरकारी तपासणीस मोकळीक असावी, आणि विद्यार्थ्यांकडून थोडी का होईना फी घेतली जावी, असे त्यात सांगितले होते. ही शेवटची अट वरवर कठोर वाटते. परंतु तिच्यातील हेतू स्पष्ट आहे. ज्या कामासाठी गावकरी स्वतः पैही खर्चीत नाहीत, ते काम गावकऱ्यांना खरोखर हवे आहे असे परक्याने कशावरून मानावे? मुंबई इलाख्यात तर पुढे परीक्षेच्या निकालावर अनुदान मोजण्याची रीत पडली. तपासणीच्या दिवशी शाळेत जी धावपळ उडते, तिची वंशावळ इतकी जुनी आहे, हे माझ्या व्यवसायबंधूंनी समाधानाने लक्षात ठेवावे!

आता वसतिगृहांकडे वळू, कारण ज्ञातिसंस्थांचा इतिहास मुख्यतः वसतिगृहांचाच इतिहास आहे. कोल्हापुरी राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ साली प्रथम सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले. त्याचा लाभ व्यवहारात एकाच वर्गास झाला. तेव्हा १९०१ पासून त्यांनी निराळा मार्ग धरला. मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी, अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेले बंधू, अशा एकेका समाजाचे वसतिगृह उभे राहिले. दरबाराने जागा, इमारत अथवा वार्षिक नेमणूक द्यावी आणि चालविण्याची जबाबदारी त्या त्या समाजातील कर्त्या मंडळींनी पत्करावी, असे साधारण धोरण होते. महाराज दाते होते, परंतु आंधळे दाते नव्हते. समाज उभा राहतो की नाही, हे ते पाहत.

तोच वारा नाशिकास आला. १९१४ साली रावसाहेब थोरात, गणपतदादा मोरे आदी धुरिणांच्या परिश्रमांतून मराठा विद्या प्रसारक समाजाचे कार्य सुरू झाले. धारच्या उदाजी महाराज पवारांच्या नावाचे वसतिगृह हे त्या कार्याचे बीज. एप्रिल १९२० मध्ये स्वतः शाहू महाराज त्याच्या कोनशिलेसाठी नाशिकास आले होते. राजेरजवाड्यांचे साहाय्य मिळाले हे खरे. पण गावोगाव हिंडून शेतकऱ्यांच्या वर्गण्या गोळा करणारी माणसे आधी होती आणि राजे मागाहून आले, हा क्रम विसरता कामा नये. एका समाजाच्या मुलांसाठी पेटविलेला तो दिवा पुढे साऱ्या जिल्ह्याच्या मुलांस उपयोगी पडला.

लासलगावच्या पेठेचा या विषयाशी आणखी एक नाते आहे, ते धर्मादायाचे. महाराष्ट्रातील बाजारपेठांत शेतकऱ्याच्या पट्टीतून तोलाई-हमालीबरोबर 'धर्मादाय' म्हणूनही काही कापून घेण्याची जुनी वहिवाट होती. त्या पैशांतून पांजरपोळ, धर्मशाळा, पाणपोया चालत, हे मान्य केले पाहिजे. परंतु पैसा कुणब्याचा आणि पुण्य पेढीचे, असा हा व्यवहार होता, आणि हिशेब विचारणारा कोणी नव्हता. १९३९ च्या बाजार कायद्याने व त्यानंतर स्थापन झालेल्या बाजार समित्यांनी (लासलगावची समिती १९४७ ची) अशा मनमानी कपातींना आळा घातला. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने तर धर्मादाय म्हणून घेतलेली रक्कम ज्याच्या हाती येईल तो तिचा मालक नसून विश्वस्त होय, असे कलम ५४ मध्ये लिहून ठेवले. अनुदान मागणाराने हे कलम मुद्दाम वाचावे.

अनुदान मिळते तसे ते जातेही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यास १९२४ मध्ये सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे नामकरण झाले. मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे सर्वश्रुत आहे. त्याच रयत शिक्षण संस्थेचे अनुदान १९४८ साली भाऊरावांच्या काही उद्गारांवरून मुंबई सरकारने बंद केले. पुढे गाडगे महाराजांनी मध्यस्थी केली आणि ते पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात संस्था मोडली नाही, कारण तिची मुळे लोकांच्या धान्यात आणि श्रमात होती. केवळ सरकारी हुकमावर उभी असलेली संस्था अशा वेळी किती दिवस टिकली असती?

खाजगी दात्यांच्याही अटी असतात. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी अण्णासाहेब कर्वे यांच्या महिला विद्यापीठास १५ लक्ष रुपयांची देणगी देऊ केली. तिचे वार्षिक व्याज ५२,५०० रुपये होई. मातोश्रींचे नाव विद्यापीठास द्यावे ही अट अण्णासाहेबांनी मान्य केली. परंतु तत्पूर्वी चोवीस वर्षे ते रुपया-दोन रुपयांसाठी दारोदार फिरले होते. आज २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास खर्चावे लागतात. तेथेही बाहेरच्या संस्थेकडून किमान तीन वर्षांच्या कार्याचा पुरावा मागितला जातो. खलिता १८५४ चा असो की नियम आजचा, प्रश्न तोच विचारला जातो.

एक गोष्ट मात्र आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांना बोचणारी आहे, ती स्पष्टच लिहितो. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने, १ एप्रिल १९६२ नंतर विशिष्ट धर्माच्या वा जातीच्या लाभासाठीच निघालेल्या धर्मादाय संस्थांना कराची सूट नाकारली, आणि कलम ८० जी नुसार दात्यास मिळणारी सवलतही अशा संस्थांसाठी ठेवली नाही. अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग, स्त्रिया व मुले यांच्यासाठीच्या संस्थांस तेवढा अपवाद केला. त्यामुळे घटनेत 'केवळ आपल्या ज्ञातीच्या विद्यार्थ्यांसाठी' असे शब्द असणाऱ्या वसतिगृहाचा अर्ज मोठ्या दात्याच्या टेबलावर पहिल्याच पानाशी अडतो. काही वडीलधाऱ्यांना दार सर्वांस उघडणे म्हणजे घर हातचे जाणे वाटते. मला तसे वाटत नाही. दक्षिणेचे दार उघडले म्हणून विद्वान कमी झाले नाहीत, आणि नाशिकचे वसतिगृह सर्वांचे झाले म्हणून ज्यांनी ते बांधले त्यांचे नाव पुसले गेले नाही.

राहता राहिली दप्तराची बाब. विश्वस्त दिवंगत झाला अथवा बदलला, की ९० दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात फेरफार अहवाल दाखल करावयाचा असतो. सात विश्वस्तांपैकी तिघे कैलासवासी झालेले, पण नोंदवहीत अद्याप हयात, अशा एका संस्थेचा अर्ज परत आलेला मी पाहिला आहे. ज्यांच्या सह्या हव्या होत्या, त्यांची श्राद्धे होऊन कैक वर्षे लोटली होती. आपल्या मंडळाच्या पुढील सर्वसाधारण सभेपूर्वी चिटणिसांनी विश्वस्तांची नोंदणीकृत यादी आणि गेल्या तीन वर्षांचे तपासलेले हिशेब सभासदांपुढे ठेवावेत, आणि वर्गणीची पुस्तके त्याच सभेत वाटावीत, अशी माझी विनंती आहे.