राबाची चौकशी



अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावे ऐकली की आज लोकलची गर्दी आठवते. पण ही मूळची साष्टी बेटावरची भातशेतीची गावे. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा निर्माण होईपर्यंत ती ठाणे जिल्ह्यात मोडत. मी कारखान्याच्या दरवाजावर सभा घेणारा माणूस. शेतकीचे माझे ज्ञान वाचनालयातल्या जुन्या अहवालांतून उचललेले. तरीही भाताशी माझा संबंध आहे. आमच्या युनियनचे कित्येक सभासद जुलै उजाडला की आवणीसाठी रजा मागत, आणि ती त्यांना मिळावी म्हणून भांडण्यात माझी बरीच वर्षे गेली.

ठाणे-कुलाब्याचा शेतकरी भात पेरण्यापूर्वी राब भाजतो. रोपाच्या तुकड्यावर शेण, झाडांचे टाहाळ, पालापाचोळा, गवत असे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि उन्हाळ्याच्या अखेरीस बेताने पेटवून द्यायचे. पाऊस पडला की त्याच जागी बी फेकायचे. तीनचार आठवड्यांनी रोप उपटून चिखलणी केलेल्या खाचरात लावायचे. राब आणि राबणे हे शब्द सख्खे की सावत्र ते भाषापंडितांनी ठरवावे. भर उन्हात डोक्यावरून टाहाळाचे भारे आणणाऱ्या बाईला त्यांचे नाते कोणी समजावून द्यायला नको.

या टाहाळावरूनच सरकारशी तंटा पेटला. १८७८ साली जंगलाचा कायदा झाला. ज्या वरकस जमिनीवरच्या आणि रानातल्या ऐन-किंजळीच्या फांद्या शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या छाटत आला होता, तिथे आता गार्ड उभा राहिला. जंगलखात्याचे म्हणणे असे की, राब म्हणजे झाडांचा संहार आणि अडाण्यांची खोड. शेतकरी म्हणे, राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर तुमचा सारा कुठून देऊ? ओरड इतकी झाली की १८८५ साली मुंबई सरकारला जंगलचौकशीचे कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. पुढे डॉ. व्होएल्कर नावाचे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ १८८९ साली हिंदुस्थानात आले, देशभर फिरले, आणि त्यांच्या १८९३ च्या अहवालात राबाचाही विचार आहे. इथल्या शेतकऱ्याला मूर्ख समजणाऱ्या साहेबांत हा गृहस्थ नव्हता.

खरी कसोटी मात्र पुण्याच्या शेतकी कॉलेजात लागली. तिथले प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मॅन हे आसामच्या चहामळ्यांचा अभ्यास करून इकडे आलेले. त्यांनी न. वि. जोशी आणि न. वि. कानिटकर यांच्यासह राबाचे प्रयोग केले आणि १९१२ साली ते प्रसिद्ध केले. प्रश्न साधा होता: गुण राखेचा की विस्तवाचा? राखच गुणकारी असेल तर ती बाहेरून आणून टाकता येईल आणि झाडे वाचतील. पण जमीन तापण्यालाही स्वतंत्र मोल आहे असे दिसून आले. कारण आज आपण असे सांगतो: तापल्याने तणाचे बी मरते, मातीतले पुष्कळसे सूक्ष्म जीव मरतात, बंदिस्त नत्र मोकळे होऊन रोपाला लागलीच मिळते आणि माती भुसभुशीत होते. शेतकऱ्याला ही कारणे ठाऊक नव्हती. परिणाम ठाऊक होता.

याच मॅनसाहेबांनी पुढे पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा हिशेब मांडला. तो १९१७ साली छापला गेला. त्यात माती आहे तशी सावकाराची वहीही आहे. हे मला फार मोलाचे वाटते, कारण भाताच्या बहुतेक संशोधनात ती वही उघडलेली दिसत नाही.

कर्जतला १९१९ साली भात संशोधन केंद्र निघाले. कोलंबा, झिनिया या गावठी वाणांतून चांगली रोपे निवडून कोलंबा-१८४, झिनिया-३१ असे शुद्ध वाण तिथल्या कामातून आले. पण त्याच कुलाबा जिल्ह्यात चरी गावाच्या परिसरात १९३३ पासून १९३९ पर्यंत कुळांनी खोतांच्या जमिनी पेरल्याच नाहीत. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. वाण कितीही उत्तम असो, अर्धे पीक खंडात गेल्यावर नव्या बियाण्याचा हौसेने प्रयोग कोण करणार? १९४२ साली ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, १९४३ साली मुंबईत रेशन आले, तेव्हा गिरणगावालाही या प्रश्नाची झळ बसली.

रोगांकडे वळू. कडा करपा हा रोग जपानात १८८४ सालीच दिसला होता. पानाची कड पिवळी पडते, मग पान वाळत जाते. सकाळी पानावर दुधट थेंब दिसतात, त्यांत जिवाणू असतात. आपल्या देशात तो प्रथम नोंदला गेला तो याच कुलाबा जिल्ह्यात, १९५१ साली. श्रीनिवासन, तिरुमलाचार आणि पटेल यांनी त्यावर १९५९ मध्ये लिहिले. १९६३ साली बिहारात त्याची मोठी साथ आली. त्यानंतर तैचुंगचे बुटके वाण आले. ते खत पचवणारे, न लोळणारे, पण नेमके या रोगाला आणि तुडतुड्यांना बळी पडणारे. म्हणून ते जसेच्या तसे न घेता त्यांचा गावठी वाणांशी संकर करण्याचा मार्ग धरला गेला; कर्जत-१८४ हा तैचुंग आणि कोलंबा-५४० यांच्या संकरातला. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाल्यावर कर्जतचे केंद्र त्याच्याकडे गेले, आणि १९९८ साली सह्याद्री हे संकरित भात तिथून बाहेर पडले.

राबाचे मात्र अजून मिटलेले नाही. डॉ. ना. कृ. सावंतांच्या चारसूत्री पद्धतीत रोपाच्या वाफ्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळतात. तिच्यातल्या सिलिकाने रोप कणखर होते, आणि खोडकिड्याला व करप्याला ते सहज दाद देत नाही. म्हणजे टाहाळ वाचले आणि राख राहिली. नेरळच्या सगुणा पद्धतीत तर गादीवाफ्यावर थेट बी टोकतात. राब नाही, चिखलणी नाही, आवणी नाही. कमरेत वाकून दिवसभर चिखलात उभे राहणे वाचते, हा फायदा थोडा नव्हे. पण आवणीच्या रोजावर पावसाळा काढणाऱ्या कातकरी आणि ठाकूर बायकांना त्या दिवसांत दुसरे कोणते काम द्यायचे, याचा प्रयोग कुठल्याही केंद्रात लावलेला माझ्या पाहण्यात आलेला नाही.