मुक्या चित्रांतील अनुताप

बोलपट येण्यापूर्वीं अमेरिकेच्या पश्चिम माळरानांचीं जीं मुकीं चित्रें निघालीं, त्यांत घोडे आणि पिस्तुलें यांखेरीज कांहीं नाहीं, असा सुशिक्षितांचा समज असतो. तो एकदां तपासून पाहावा असें मला वाटतें.

विल्यम हार्ट याचें १९१६ सालचें ‘हेल्स हिंजेस’ घ्या. एका दुर्वृत्त गांवांत तरुण धर्मोपदेशक आपल्या बहिणीसह येतो. गुत्तेवाल्याला ही ब्याद नको. त्यांना हुसकून लावण्याचें काम तो ब्लेझ ट्रेसी नांवाच्या गुंडाकडे सोंपवितो. पण त्या मुलीला पाहतांच गुंडाचा हात थबकतो. नवल पुढेंच आहे. गुंड सुधारतो, आणि धर्मोपदेशक मात्र मद्य व मदिराक्षी यांच्या पायीं घसरतो. स्वतःचेंच प्रार्थनामंदिर जाळणाऱ्या जमावांत सामील होऊन प्राणास मुकतो. झगा निराळा आणि शील निराळें, हें इतक्या निर्भीडपणें सांगणारें चित्र विरळाच. शेवटीं नायक सबंध गांव पेटवून देतो. अनुतापाची ही रीत मला कांहीं रुचत नाहीं.

जॉन फोर्ड याच्या १९१७ सालच्या ‘स्ट्रेट शूटिंग’ मध्यें तंटा जमिनीचा आहे. गुरांच्या धनिक मालकांना कुरण व पाणी हवें, आणि शेतकरी आड येतो. त्याला उठवून लावण्यासाठीं भाडोत्री हॅरी जाऊन पोंचतो, तों घरचीं माणसें मारल्या गेलेल्या मुलाला मूठमाती देत असलेलीं दिसतात. तें पाहून तो पक्ष बदलतो.

आतां कोल्हापुरास या. बाबूराव पेंटर यांनीं महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे १९२५ सालीं ‘सावकारी पाश’ काढलें. कथा ना. ह. आपटे यांची, तरुण शेतकरी झाले होते शांताराम. येथेंही जमीनच, पण खोट्या कागदानें गिळलेली. येथें सावकाराचा हात कोणासाठींही थबकत नाहीं. प्रेम आहे, तें घरापुरतें. त्यानें गहाण सुटत नाहीं. शेतकरी शहराची वाट धरतो आणि गिरणीकामगार होतो. अंधारलेली झोंपडी व रडणारें कुत्रें, एवढ्यावर त्यांतील एक प्रसंग उभा केला होता. पौराणिक कथांना सरावलेल्या प्रेक्षकांनीं त्याचें फारसें स्वागत केलें नाहीं.

पेण-रोह्याकडील कुळांना ही कथा सांगावी लागली नसती. तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांत भात पिकवावें कुळानें आणि मोठा वांटा न्यावा खोतानें. मग कोणीतरी धरमतरच्या बंदरावरून मुंबईची गिरणी गांठावी, हें नित्याचेंच. खोताला उपरति होईल म्हणून त्यांनीं किती वाट पाहावयाची? शेजारच्या अलिबाग तालुक्यांत, चरी येथें, १९३३ सालीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं कुळांनीं शेतें पडीक ठेवून संप पुकारला. १९३६ सालीं पेंटरांनीं ‘सावकारी पाश’ पुन्हां, बोलपटाच्या रूपानें काढलें, तेव्हां तो संप चालूच होता; मिटावयास १९३९ साल उजाडलें. खोती उठविणारा कायदा झाला तो त्यानंतर दहा वर्षांनीं, १९४९ सालीं.