माळरान आणि धनगरांचा वाडा (पुणे परिसर)

माळरान आणि धनगरांचा वाडा : दख्खनच्या पठारावरील गवताळ रान आणि त्यावर मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगरांचा फिरता तळ. कझाक पशुपालक उन्हाळ्यात डोंगरमाथ्यावरच्या ‘जायलाउ’ या कुरणांवर चढतात, नमद्याचे तंबू उभारतात आणि पाहुण्यापुढे घोडीच्या आंबवलेल्या दुधाची कुमीस ठेवतात. ते पाहायला पुण्यातला हौशी कोथरूडकर थेट अल्माटी गाठतो. त्याच धर्तीचे जगणे त्याच्या घरापासून दोन-अडीच तासांच्या वाटेवर चालू आहे. फरक एवढाच की इथले वर्ष थंडीवर नव्हे, पावसावर बेतलेले असते.

सह्याद्रीच्या माथ्यावर ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुण्यात सुमारे ७००, तर बारामती-इंदापूरकडे त्याहूनही कमी. त्या कोरड्या पट्ट्यात दाट जंगल तगत नाही, गवत मात्र उत्तम येते. दख्खनी मेंढीला चिखल सोसत नाही, तिचे खूर सडतात. त्यामुळे पावसाळा माळावर काढायचा, दिवाळीनंतर भात कापून मोकळ्या झालेल्या मावळात आणि कोकणात उतरायचे आणि मृगाच्या आत परतायचे, असा क्रम पडला. पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीचे धनगर या क्रमासाठी अभ्यासकांनाही परिचित आहेत. मुळशी-वेल्ह्याच्या डोंगरातले गवळी धनगर निराळे. ते म्हशी पाळतात आणि बहुधा एका जागी राहतात.

काही कुटुंबे मिळून एक वाडा होतो. पुरुष मेंढ्या हाकत पुढे निघतात. बिऱ्हाड आवरून घोड्यावर लादणे आणि नव्या जागी तीन दगडांची चूल मांडणे हे बायकांचे काम. ओझ्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या, कालच जन्मलेले कोकरू आणि कधी घरातले लहान मूलही असते. सांज झाली की खुंट्या ठोकून वाघर, म्हणजे दोरीचे जाळे, लावतात आणि कळप आत घेतात. बाहेर कुत्री जागी असतात, कारण माळावर लांडगा आहे. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो, रात्रीच्या लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा रोकड देतो. हा व्यवहार तोंडी ठरतो आणि पाळलाही जातो. ज्यांना धनगर पिकाचा शत्रू वाटतो, त्यांनी हा व्यवहार एकदा जवळून पाहावा.

काळ्या लोकरीची घोंगडी सणगर समाजाचे विणकर विणतात. चिंचोक्याची खळ दिल्याने ती कडक होते आणि पाऊस झेलते. लोकरीला भाव उरला नाही, म्हणून अनेकांनी मांसासाठी माडग्याळ मेंढीकडे मोर्चा वळवला आहे. घोंगडीचे यापुढे काय होणार, हे त्यावरून कळते.

कोथरूडचे ग्रामदैवत म्हातोबा; जवळच्या टेकडीलाही त्याचेच नाव आहे. सकाळी ती चढणाऱ्यांपैकी थोड्यांनाच या देवाचे गोत माळावरच्या दैवतांशी जुळते याची कल्पना असते. वीरचा म्हस्कोबा, जेजुरीचा खंडोबा आणि धनगरांचा बिरोबा यांवर हायडेलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) यांनी १९७६ मध्ये जर्मन ग्रंथ लिहिला. धनगरी ओव्या ऐकत, वाड्यांवर फिरत त्यांनी त्याची सामग्री जमवली होती. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात पंढरीच्या देवाचे मूळही गोपालक-धनगरांच्या दैवतात शोधले. पुण्यातल्या अभ्यासिकांत हा विषय असा जुना आहे, पर्यटनात मात्र नवा.

सरकारी नोंदींत माळरानाची गणना बहुधा पडीक जमिनीत झाली आणि त्याचे परिणाम भोगावे लागले : कुठे चर खणून झाडे लावली, कुठे कारखाने आले. चिंकारा, लांडगा आणि मेंढी या तिघांचेही रान एकदमच आक्रसले. बारामती तालुक्यातील सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य (१९९७) जेमतेम ५ चौरस किलोमीटरचे आहे, पण चिंकारा पाहायला ते पुरते. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामतीतील शिर्सुफळ येथे वनविभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ राने आणि पशुपालक यांच्यासाठी जाहीर केले.

पाहुण्याने माळ पाहायचा तर पाऊस सरता सरता, गवत उभे असताना जावे. कोकणवाटेचा वाडा दिवाळीनंतर गाठावा. मेंढ्या वाघरीत घेण्याच्या वेळी मध्ये उभे राहू नये, कुत्र्यांच्या जवळ जाऊ नये, फोटो विचारून काढावा. शेळीच्या दुधाचा चहा पुढे आला तर तो घ्यावा आणि घोंगडी विकत घेताना घासाघीस करू नये.