पान आणि पडदा

पीपीटी करायला बसलेल्या मराठीच्या प्राध्यापकाची अवस्था मोठी केविलवाणी असते, हे आम्ही स्वानुभवाने सांगू शकतो. मागच्या पावसाळ्यात एम. ए. च्या विद्यार्थ्यांपुढे द्यावयाच्या एका व्याख्यानाची तयारी आम्ही तिघे मिळून करीत होतो. विषय होता हिंगण्याच्या स्त्रीशिक्षणाचा आणि मराठी माध्यमाचा. आम्ही बसलो होतो कर्वेनगरातल्याच एका घरात, म्हणजे एके काळच्या हिंगणे बुद्रुकातच. हातात बत्तीस पानांचे टिपण तयार होते. त्याच्या वीस स्लाइड करायच्या होत्या. त्यासाठी वेगळी आज्ञावली असते हे आम्हांला ठाऊक होते. परंतु हाताला सवय वर्ड प्रोसेसरची. तेव्हा टिपण आहे तिथेच पान आडवे करू, अक्षर मोठे करू, एका पानावर एक मुद्दा ठेवू, म्हणजे झाल्या स्लाइड, असा साधासोपा विचार आम्ही केला. संध्याकाळी चारला बसलो, ते रात्री साडेनऊला उठलो. तोवर सहा स्लाइड झाल्या होत्या आणि त्यांतल्या दोन बिघडल्या होत्या.

बिघाडांची जातकुळी वाचकांनाही परिचित असेल. तिसऱ्या पानावर एक शब्द वाढवला की त्याची शेवटची ओळ चौथ्या पानावर उतरते, चौथ्याची पाचव्यावर, आणि पाहता पाहता सतराव्या पानावरचे शीर्षक सोळाव्याच्या तळाशी किंवा अठराव्याच्या माथ्यावर जाऊन बसते. छायाचित्र एका परिच्छेदाला बांधलेले असते. परिच्छेद हलला की तेही त्याच्यामागून चालू लागते. ओळींमधले अंतर कमी करावे तर वेलांट्या आणि रफार कापले जातात. वाढवावे तर चार ओळींतच पान भरते. शेवटी कंटाळून सगळे टिपण स्लाइडच्या आज्ञावलीत नेले, तर तिने एकही शीर्षक ओळखले नाही. आम्ही शीर्षके ठळक आणि मोठी केली होती, म्हणजे आमच्या डोळ्यांपुरती ती शीर्षके होती. यंत्राच्या लेखी शीर्षक म्हणजे मजकुराला दिलेला दर्जा, आणि तो आम्ही दिलेला नव्हता. दिसणे आणि असणे यांतला भेद वर्गात शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना तो आपल्याच फाइलीत आढळावा, यातला विनोद आम्हांला दुसऱ्या दिवशी कळला.

असो. चिडचिड ओसरल्यावर प्रश्न पडला, की हा दोष आमच्या अज्ञानाचा, यंत्राचा, की आणखी कशाचा? त्याचा शोध घेताना थोडे इतिहासात जावे लागले.

वर्ड प्रोसेसर हा टंकलेखन यंत्राचा वंशज आहे. कागदावर जसे उमटेल तसेच पडद्यावर दाखवणारा पहिला महत्त्वाचा संपादक झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७४ मध्ये तयार झाला. त्याचे नाव ब्राव्हो. त्याच्या कर्त्यांपैकी चार्ल्स सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ मध्ये वर्ड बाजारात आले. या सगळ्या घराण्याचे आराध्यदैवत पान. मजकूर हा वाहता प्रवाह, आणि पान म्हणजे त्याला ठरावीक अंतरावर घातलेला बांध. प्रवाह वाढला की बांधावरून पुढे जाणारच. लेख, प्रबंध, पत्र यांसाठी हे अत्यंत सोयीचे आहे. पाने मोजण्याची जबाबदारी लेखकावर राहत नाही.

स्लाइडचे घराणे वेगळे. तिथे चौकट आधी आणि मजकूर नंतर. एका चौकटीतले दुसरीत सांडता कामा नये, हाच तिचा धर्म. रॉबर्ट गॅस्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोरथॉट या छोट्या कंपनीत पॉवरपॉइंट तयार केले, ते १९८७ मध्ये मॅकिंटॉशसाठी विक्रीस आले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतली. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे वाचून गंमत वाटेल, की या गॅस्किन्सनी बर्कलेला संगणकशास्त्राबरोबर इंग्रजी आणि भाषाविज्ञान यांचाही अभ्यास केला होता. पहिल्या आवृत्तीतून निघत ती कृष्णधवल पाने. ती पारदर्शक कागदावर घेऊन ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायची. आमच्या पिढीने महाविद्यालयात पाहिलेला ‘ओएचपी’ तो हाच.

तेव्हा प्रवाहाच्या साधनाकडून चौकटीचे काम करून घ्यायला गेलो, हा आमचा पहिला प्रमाद. पण एवढ्याने प्रकरण मिटत नाही, कारण आमचा मजकूर मराठी होता.

रोमन अक्षरे एका रेघेवर उभी राहतात. देवनागरी अक्षर शिरोरेघेला टांगलेले असते. त्याच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. पायाशी उकार आणि उभ्या जोडाक्षरांचा पसारा. छपाईच्या काळापासून ही अडचण आहे. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापले. शिळेवर हाताने लिहिलेलेच उमटत असल्याने तिथे जोडाक्षरांचा त्रास नव्हता. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि खिळ्यांची देखणी अक्षरे घडवली, तेव्हा मात्र रोमनच्या कितीतरी पट खिळे बाळगावे लागले. पुढे टंकलेखन यंत्र आले आणि मूठभर कळांत सगळी लिपी बसवावी लागली. जोडाक्षरे मोडून पाय तोडल्याची खूण लावणे अंगवळणी पडले.

संगणकाने ही कोंडी फोडली, आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. आय. आय. टी. कानपूरला आकाराला आलेले भारतीय लिप्यांचे ‘जिस्ट’ तंत्रज्ञान या केंद्राने पुढे नेले. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही सांकेतिक प्रमाणपद्धती १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या रूपावर बेतलेली होती. पुढे विंडोज २००० बरोबर देवनागरीचा ‘मंगल’ हा फाँट आला. तो घडवला होता र. कृ. जोशी यांनी. कवी आणि सुलेखनकार असलेल्या या माणसाचे हे काम मराठीच्या अभ्यासक्रमात कुठे येत नाही, याची आम्हांला खंत वाटते.

परंतु प्रमाणपद्धती असणे वेगळे आणि ती वापरात रुळणे वेगळे. मधल्या दीड-दोन दशकांत डीटीपीची दुकाने, प्रकाशक आणि आमच्यासारखे मास्तर जे फाँट वापरत होते, त्यांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रे बसवलेली असत. प्रत्येक कंपनीची बसवण्याची तऱ्हा निराळी. फाँट आहे तोवर मराठी. तो काढला की उरतो तो निरर्थक रोमन अक्षरांचा कचरा. युनिकोड आल्यावरही मराठीच्या काही खास गरजा मागे राहिल्या. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या दोन शब्दांत एका रकाराच्या रूपाने समुद्राच्या दऱ्याखोऱ्या होतात. हा चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ हिंदीला लागत नाही, म्हणून बऱ्याच साधनांत तो नीट उमटत नसे. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये आले ते २००८ मध्ये.

आणि इथेच आमच्या त्या संध्याकाळचे खरे दुखणे होते.

आमच्या एका निवृत्त सहकारी बाईंनी नव्वदच्या दशकात हिंगण्याच्या आश्रमात शिकलेल्या काही वृद्ध स्त्रियांशी बोलून ठेवले होते. बाईंनी ते बोलणे जसेच्या तसे उतरवून टंकून घेतले होते. त्यांतली एकही स्त्री आज हयात नाही. बाईंनी मोठ्या विश्वासाने ती सीडी आम्हांला दिली. आम्ही फाइल उघडली, तर पडद्यावर कंस, टक्क्याच्या खुणा आणि मोठ्या-लहान रोमन अक्षरांचा खच. तो फाँट आता मिळत नव्हता. रूपांतर करून देणारी एक आज्ञावली सापडली. तिने निम्मा मजकूर मराठीत आणला, पण जोडाक्षरे आणि नेमका तो अर्धा ‘र’ यांची वाट लावली. ज्या बायकांना लिहायला शिकण्यासाठी केशवपन, सोवळे आणि घरच्यांचा अबोला एवढे सारे ओलांडावे लागले, त्यांचे शब्द आमच्या पिढीच्या हातून एका फाँटपायी वाचता न येण्याजोगे व्हावेत, याची लाज वाटली. सुदैवाने बाईंच्या कपाटात छापील प्रत होती.

विषयाशी याचा संबंध सांगायला हवा. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर नेला. १९१५ च्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ते विद्यापीठ हिंगण्यातच सुरू झाले. तेथील उच्च शिक्षणाचे माध्यम मातृभाषा राहील, हे त्याचे एक मूलतत्त्व होते. फर्ग्युसन महाविद्यालयात वर्षानुवर्षे गणित शिकवलेल्या माणसाने हा निर्णय घेतला, हे विशेष. त्या काळी मराठीतून पदवीचे शिक्षण म्हणजे पुस्तकांपासून परिभाषेपर्यंत सगळे नव्याने उभे करायचे होते. साधने अपुरी आहेत म्हणून भाषा बदलू, असे हिंगण्याने म्हटले नाही. आज त्याच परिसरात बसून ‘इंग्रजीत केल्या तर स्लाइड पटकन होतील’ असे आमच्यापैकी एकाच्या तोंडून गेले. ते खरेही होते. म्हणूनच ते बोचले.

छापील प्रत पुन्हा टंकायला चार विद्यार्थिनी पुढे आल्या. पाने वाटून घेतली. सगळ्यांनी युनिकोडच वापरायचे असे ठरले. काम संपत आले तेव्हा त्यांतल्या एकीने सहज विचारले, “मॅडम, हे सगळं स्लाइडवर कशाला घालायचं? वाचून दाखवा ना.”

आम्ही गप्प झालो. बत्तीस पानांचे टिपण भिंतीवर चढवण्याचा हट्ट कोणी धरला होता? यंत्राने नव्हे. अमेरिकेचे कोलंबिया यान २००३ मध्ये कोसळले, त्याच्या चौकशी समितीने तांत्रिक अहवालांच्या जागी स्लाइड वापरण्याच्या पद्धतीवर ठपका ठेवला होता. एडवर्ड टफ्टी यांनीही त्याच वर्षी तुकड्यातुकड्यांनी विचार मांडण्याच्या या रीतीवर कठोर टीका केली होती. सलग युक्तिवादाची जागा बिंदूंना घेता येत नाही, हे त्यांचे म्हणणे. आमची चूक उलट दिशेची होती. सलग युक्तिवाद आम्ही चौकटीत कोंबत होतो आणि चौकट फुटली की तिला दोष देत होतो.

या बाबतीत आपल्याकडचाच एक जुना दाखला आठवतो. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये ‘शांभरिक खरोलिका’ नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे पडद्यावर पाडायची आणि सोबत निवेदन व संगीत. मराठी माणसाने पाहिलेल्या पहिल्यावहिल्या स्लाइडपैकी या होत. चित्राने दाखवायचे आणि कथा सांगायची ती माणसाच्या आवाजाने, अशी तिथे कामाची वाटणी होती. पिंगुळीचे चित्रकथी पोथीतले एकेक चित्र समोर धरून कथा गातात, त्यांचाही रिवाज हाच.

आम्ही तीच वाटणी केली. टिपण टिपणच राहू दिले. पाने उभी केली, शीर्षकांना रीतसर दर्जा दिला आणि त्याच्या प्रती मुलांना वाटल्या. पडद्यासाठी वेगळी आज्ञावली उघडून पाचच स्लाइड केल्या: आश्रमाचे जुने छायाचित्र, हिंगण्याचा नकाशा, १८९६ ते १९१६ या वर्षांचा तक्ता, आणि त्या बायकांच्या बोलण्यातली दोन वाक्ये, मोठ्या अक्षरांत, वेलांट्यांना पुरेशी जागा ठेवून. फाँट फाइलीतच अंतर्भूत केला आणि पीडीएफ प्रतही जवळ ठेवली. दुधाने तोंड पोळले होते.

व्याख्यानाच्या दिवशी निवृत्त बाई पहिल्या रांगेत येऊन बसल्या. टंकन करणाऱ्या चौघींनी आळीपाळीने वाचले. ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’, ‘शिकणाऱ्या’ हे शब्द पानावर जसेच्या तसे होते आणि तोंडातूनही नीट आले. पडद्यावर तोवर एकच छायाचित्र होते. कोणी ते बदला म्हटले नाही. शेवटी बाईंनी आमच्याकडून ती नवी फाइल मागून घेतली आणि विचारले, “ही आणखी वीस वर्षांनी उघडेल ना रे?”

उघडेल असे आम्ही म्हणालो. पण एक छापील प्रत बाईंच्या कपाटातही परत ठेवली आहे.