महिन्याचं बाळ

रविवारी सकाळी लेकीला कॅरियरमध्ये बांधून मी बीबी का मकबऱ्यात जातो. ती चार महिन्यांची आहे. तेवढ्यात बायकोची दोन तास झोप होते आणि मला पुण्याच्या ऑफरबद्दल कुणी विचारत नाही. पगार दीडपट, टीम स्वतःची, पण आठवड्यातले पाच दिवस तिकडे.

मकबऱ्याच्या दरवाजावर वास्तुकार अताउल्ला आणि इंजिनिअर हंसपतराय यांची नावं कोरलेली आहेत. (साडेतीनशे वर्षं टिकलेलं क्रेडिट. आमच्या क्षेत्रात पुढच्या रिलीजपर्यंत टिकत नाही.) गुलाम मुस्तफाच्या 'तारीखनामा'त खर्च दिलाय ६,६८,२०३ रुपये ७ आणे. आझमशहाने आईसाठी बांधला, असं आपण शाळेच्या सहलीपासून ऐकतो. पण आझमचा जन्म १६५३चा आणि काम चालू होतं १६६०च्या सुमारास. सात वर्षांच्या पोराच्या हातात खजिन्याच्या किल्ल्या कोण देतं? माझ्या मते नाव मुलाचं, पैसा बापाचा.

तो बाप १६५७मध्ये दख्खनचा सुभेदार होता. त्या वर्षी मार्चमध्ये त्याने बिदर घेतलं, ऑगस्टच्या सुरुवातीला कल्याणीचा किल्ला. ११ सप्टेंबरला त्याची बायको दिलरस बानू हिला पाचवं मूल झालं, मुलगा, अकबर. त्याच महिन्यात तिकडे दिल्लीत शाहजहान आजारी पडला. ८ ऑक्टोबरला दिलरस औरंगाबादेत गेली. बाळ जेमतेम महिन्याचं, आझम चार वर्षांचा.

मुघलांत थोरल्याला गादी असा नियम नव्हता. चार भाऊ, एक तख्त. जो थांबला तो मेला. ५ फेब्रुवारी १६५८ला औरंगजेब फौज घेऊन औरंगाबादेतून उत्तरेकडे निघाला. बायको जाऊन चार महिने झाले होते. एप्रिलमध्ये धरमत, मग सामूगढ, आणि जूनमध्ये स्वतःचा बाप आग्र्याच्या किल्ल्यात कैद.

इथवर वाचून 'बापाने वेळ दिला नाही म्हणून पोरगं बिघडलं' असं म्हणायचा मोह होतो. मलाही झाला. पण आईविना वाढलेल्या अकबरावर बापाचा विशेष जीव होता, असं इतिहासकार सांगतात. माया होती. पण या घरात मुलगा मोठा झाला की तो आपोआप स्पर्धक व्हायचा, आणि ही रीत मुलांना कुणी वेगळी शिकवायला लागत नव्हती. आजोबा कैदेत होते, एवढं पुरे.

जानेवारी १६८१मध्ये तेवीस वर्षांच्या अकबराने राजपुतान्यात स्वतःला बादशहा जाहीर केलं. बापाने त्याच्या नावे एक पत्र लिहिलं, राठोडांना छान फसवलंस अशी शाबासकी देणारं, आणि ते राठोडांच्याच हाती पडेल अशी व्यवस्था केली. ते रातोरात पांगले. दुर्गादास राठोडने अकबराला दक्षिणेत आणलं आणि आश्रय दिला संभाजीराजांनी. मुलाशी पत्रव्यवहार केला म्हणून थोरली लेक झेबुन्निसा सलीमगडात कैद झाली. १७०२मध्ये ती कैदेतच वारली.

अकबराच्या पाठोपाठ बादशहा दख्खनेत उतरला तो परत गेलाच नाही. अकबर १६८७मध्ये समुद्रमार्गे इराणला गेला आणि बापाच्या आधी तिकडेच मेला. ज्याच्या नावावरून हे शहर औरंगाबाद झालं, त्याच्या पोराला ज्यांनी थारा दिला त्यांचं नाव आज शहराला आहे. नामांतराच्या एवढ्या भांडणांत हा तपशील मी कधी ऐकला नाही.

१७०७मध्ये, मरणाच्या तोंडावर, औरंगजेबाने आझम आणि कामबक्ष या मुलांना पत्रं लिहिली. आयुष्य वाया गेल्याची खंत त्यांत आहे. काही महिन्यांत आझम भावाविरुद्धच्या लढाईत जाजाऊला मारला गेला.

दिलरस इथे आहे, तो पंचवीसेक किलोमीटरवर खुलताबादला. लेक उन्हाने कुरकुरायला लागली, म्हणून मी मागच्या भिंतीच्या सावलीत जाऊन बसलो. पुण्याचा फोन उद्या दहाला आहे.